सुरतेचा दलाल आणि संगणकाचा काळा पडदा

सुरत शहराचे नाव उच्चारले की मराठी मनापुढे प्रथम उभी राहतात ती १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांनी मोगलांच्या या श्रीमंत बंदराची झोप कशी उडविली, ही कथा मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. परंतु त्याच धामधुमीच्या काळात, त्याच शहरात, तलवारीशी सुतराम संबंध नसलेली एक घटना घडत होती. ती लहान होती, तिचा गाजावाजा झाला नाही आणि ती सफळही झाली नाही. तरीसुद्धा आजच्या एका अगदी वेगळ्या अडचणीचे मर्म तिच्यात सापडते. संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली घालावी, तिच्यात ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर बसवावा, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि पडदा काळाठिक्कर पडावा, ही ती अडचण होय. पंखा फिरत असतो, दिवा लुकलुकत असतो. दिसत मात्र काहीच नाही. यंत्र बिघडले असे समजून पुष्कळ जण ते दुरुस्तीला नेतात. कित्येकदा ते मुळी बिघडलेलेच नसते.

हे असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम सतराव्या शतकातील सुरतेच्या बाजारात डोकावले पाहिजे.

तापीच्या मुखाजवळच्या या बंदरात इंग्रज, डच, फ्रेंच, अरब, इराणी, आर्मेनी अशा नाना देशांचे व्यापारी येत. बऱ्हाणपूरचे कापड, सरखेजची नीळ असा देशोदेशीचा माल तेथे उतरे आणि चढे. विकणाऱ्याची भाषा घेणाऱ्याला कळत नसे. एकाची वजने दुसऱ्याला अपरिचित, एकाचे नाणे दुसऱ्याला परके. या दोहोंमध्ये जो उभा असे तो दलाल. आज या शब्दाला किंचित हीन वास येतो. त्या काळी तो मोठ्या पतीचा व्यवसाय होता. दोन्ही पक्षांची भाषा, मापे, रीतिरिवाज आणि खोडी ज्याला ठाऊक, असा तो मध्यस्थ असे. तो नसला तर जहाज धक्क्याला लागलेले, थैली मोहरांनी भरलेली, वखारीत माल रचलेला, आणि तरीही व्यवहार ठप्प, अशी अवस्था होई.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची दलाली ज्या घराण्यांकडे होती, त्यांपैकी भीमजी पारेख हा एक नामांकित पुरुष. १६७०-७१ च्या सुमारास त्याने सुरतेच्या इंग्रज वखारीमार्फत लंडनला एक विलक्षण विनंती धाडली. या देशातील प्राचीन ब्राह्मणी लेखन छापून पाहावे, अशी त्याला जिज्ञासा होती. त्यासाठी एक कसबी मुद्रक मुंबईस पाठवावा, असे त्याने मागितले. त्या मुद्रकाला तीन वर्षेपर्यंत दरसाल ५० पौंड देण्याची आणि हत्यारापात्यारांचा खर्च स्वतः सोसण्याची त्याची तयारी होती. १६७४ साली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक, एक छापयंत्र, इंग्रजी अक्षरांचे खिळे आणि कागद भीमजीच्या खर्चाने मुंबईस रवाना केले. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मुद्रणाच्या इतिहासात हे प्रकरण साक्षेपाने मांडले आहे.

यंत्र आले, माणूस आला, शाई आणि कागद आले. भीमजीला हवी होती ती अक्षरे मात्र कागदावर उमटेनात. हिल्स हा छापणारा होता. देशी लिपीचे साचे कोरणे आणि खिळे ओतणे हे त्याचे कसब नव्हते. भीमजीने हार न मानता आपल्याच माणसांकडून ती लिपी घडवून घेण्याचा प्रयत्न केला. १६७६ साली सुरतेच्या इंग्रजांनी लंडनला कळविले की, या माणसांनी छापलेले काही कागद पाहण्यात आले, ते वाचता येण्याजोगे आहेत. परंतु अनुभवाच्या अभावी खर्च फार आणि वेळ फार. तेव्हा अक्षरे ओतणारा कारागीर पाठवावा. पण पुढेही या उद्योगातून ग्रंथ बाहेर पडला नाही. एका सुरतकर दलालाचे ते स्वप्न तेथेच थांबले.

या घटनेत नियतीचा एक उपरोध आहे. ज्या माणसाने जन्मभर दोन परक्या पक्षांमध्ये उभे राहून व्यवहार जुळविले, त्याचा स्वतःचा उद्योग अडला तो नेमका एका मध्यस्थावाचून. लिपी आणि यंत्र या दोहोंना जोडणारा कारागीर त्याला मिळाला नाही. यंत्रात दोष नव्हता, लिपीत दोष नव्हता. दोहोंच्या मधली जागा रिकामी होती.

सुरतेच्या विणकरांना ही मधली जागा चांगली परिचित आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील ल्यों नगरीत जोसेफ जाकार याने जे नक्षीमाग सिद्ध केले, त्यांत कागदावरील चित्र आणि मागावरचा धागा यांच्या मध्ये भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ असे. माळ चुकीची ओवली गेली, तर माग चालू राही, धागा धावत राही, आणि कापडावर मोराच्या जागी नुसता गोंधळ उतरे.

संगणकात ही मधली जागा ड्रायव्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञासंचाची आहे. ग्राफिक्स कार्ड हे पडद्यावरचे प्रत्येक चित्र रंगविणारे यंत्र. कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो त्या घरचा धनी. धन्याला कार्डाची भाषा येत नाही आणि कार्डाला धन्याची येत नाही. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला म्हणजे कोणता बिंदू उजळेल, हे ज्याला ठाऊक तो ड्रायव्हर. तो या व्यवहारातला भीमजी पारेख होय. पडदा काळा पडतो तेव्हा बहुधा कार्ड मेलेले नसते आणि लिनक्सही कोसळलेले नसते. दलाल गैरहजर असतो, किंवा हजर असून त्याला व्यवहार करू दिलेला नसतो.

या दलालाची विद्या कोणाच्या मालकीची असावी, हा वाद मुद्रणयंत्रावरूनच पेटला, हा आणखी एक योगायोग. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे लेसर मुद्रणयंत्र आले. ते कागद अडकवून बसे. जुन्या यंत्राच्या बाबतीत रिचर्ड स्टॉलमन या तरुण आज्ञालेखकाने एक सोय केली होती: कागद अडकला की ज्याचे काम खोळंबले त्याला संगणकावरून वर्दी मिळे. नव्या यंत्राला तीच सोय जोडावी म्हणून त्याने त्याच्या आज्ञावलीची मूळ प्रत मागितली. ती ज्याच्याजवळ होती, तो गुप्ततेच्या करारात बांधला गेला होता. त्याने नकार दिला. वस्तू विकत घेतलेली, समोर ठेवलेली, आणि तिची खोड दुरुस्त करण्याचे ज्ञान मात्र कुलूपबंद! या प्रसंगाचा स्टॉलमनच्या मनावर खोल परिणाम झाला. १९८३ साली त्याने ग्नू या मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला, तेव्हा ज्ञानाची वाट अडवली जाऊ नये, हे तत्त्व त्याच्या मुळाशी होते.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिण्यास घेतला. १९९२ मध्ये तो ग्नूच्या मुक्त परवान्याखाली आला, आणि जगभरचे हौशी व व्यवसायी लोक त्यात भर घालू लागले. पडद्यावर खिडक्या उघडून काम करण्याची एक्स ही व्यवस्था एमआयटीत १९८४ साली जन्मली होती; तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. घरगुती संगणकांसाठी तिचे रूप एक्सफ्री८६ या मंडळाने जोपासले. त्या काळी लिनक्सवर चित्र दिसावे म्हणून मनुष्याला स्वतःच दलाली करावी लागे. पडद्याच्या पुस्तिकेतून आडव्या आणि उभ्या कंपनांचे आकडे शोधायचे, त्यांवरून गणित मांडायचे आणि ते एका धारिकेत ओळीने लिहायचे. आकडा चुकला तर चित्र थरथरे. फारच चुकला तर त्या जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याला इजा होण्याची भीती असे, आणि तसा इशारा माहितीपत्रकांतून स्पष्ट शब्दांत दिलेला असे.

पुढे पडदेच आपली मापे स्वतः सांगू लागले. त्यासाठी १९९४ साली एक सर्वमान्य रीत ठरली. परंतु तोवर दुसरी अडचण मोठी झाली होती. ग्राफिक्स कार्डे इतकी गुंतागुंतीची झाली की त्यांची अंतर्गत भाषा निर्मात्यावाचून कोणालाच कळेना, आणि निर्माते ती सांगेनात. एनव्हीडिया कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर देत असे. पण तो बंद पेटीसारखा. आत काय आहे ते पाहता येत नसे, आणि लिनक्सच्या गाभ्यात बदल झाला की पेटीवाल्याची वाट पाहावी लागे.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवीन नाही. भोवती शंभर माणसे उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. बंद ड्रायव्हरचा व्यवहार असाच रुमालाखालचा आहे. यावर काही चिकाटीच्या लोकांनी वेगळाच उपाय योजला. २००५-०६ च्या सुमारास नूव्हो या नावाने त्यांनी काम आरंभिले. रुमालाची हालचाल पाहून बोटांच्या खुणा ओळखाव्यात, त्याप्रमाणे बंद ड्रायव्हर कार्डाला कोणते आकडे धाडतो आणि त्याचा परिणाम काय होतो, याची नोंद करीत त्यांनी त्या भाषेचे व्याकरण जुळवीत आणले. २०१० च्या फेब्रुवारीत नूव्हो ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. दरम्यान २००७ साली एएमडी कंपनीने आपल्या कार्डांची कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले, आणि इंटेलचे ड्रायव्हर तर आधीपासून खुलेच होते. २०१२ मध्ये फिनलंडमधील एका विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्सने एनव्हीडियाच्या असहकाराविरुद्ध इतके कडक उद्गार काढले की ते जगभर गाजले. दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, त्या कंपनीने आपल्या नव्या कार्डांसाठी गाभ्याशी बोलणाऱ्या भागाची मूळ आज्ञावली प्रसिद्ध केली. ड्रायव्हरचा वरचा मोठा भाग मात्र बंदच राहिला. रुमाल दूर झाला तो अर्धाच.

हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे काळ्या पडद्याचे कोडे पुष्कळसे सुटते. या शतकातील सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे मोठे नगर आहे, आणि साड्यांची नक्षी संगणकाच्या पडद्यावर आखली जाते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून गेलेली सहस्रावधी मराठी कुटुंबे राहतात. अशा एखाद्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी जुना संगणक घ्यावा आणि त्यावर विनामूल्य मिळणारे लिनक्स घालावे, हे साहजिकच होय. ज्या दिवशी तो पडदा काळा पडतो, त्या दिवशी कोणाचा अभ्यास अडतो, कोणाची रोजी अडते. म्हणून त्याची कारणे आणि उपाय क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल.

सर्वांत आधी तार पाहावी. मेजावरच्या संगणकाला मागील बाजूस चित्र बाहेर येण्याची दोन ठिकाणे असू शकतात: एक मुख्य पाटीवरचे, दुसरे ग्राफिक्स कार्डावरचे. नवा ड्रायव्हर बसल्यावर चित्र कार्डातून निघू लागते आणि पडद्याची तार मुख्य पाटीलाच जोडलेली राहते. माल एका दाराने निघाला आणि गाडी दुसऱ्या दाराशी उभी, असा हा प्रकार. तार बदलताच चित्र येते. मांडीवरच्या संगणकांत हीच गोष्ट अधिक नाजूक असते. २०१० पासून अशा यंत्रांत दोन चित्रयंत्रे बसविण्याची पद्धत रूढ झाली: वीज वाचविणारे साधे यंत्र पडद्याला जोडलेले आणि जड कामासाठी दुसरे. तेथे चित्र एकाने काढायचे आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचे, ही साखळी तुटली की अंधार होतो. अशा वेळी सेटिंगमधून साधे यंत्र निवडून पाहणे हा पहिला उपाय.

तार ठीक असेल, तर आत शिरण्याची वाट शोधावी. पडदा काळा असला तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबल्यास पुष्कळदा नुसत्या अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे नाव आणि परवलीचा शब्द देऊन आज्ञा लिहिता येतात. तेही न झाल्यास यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रब या यादीत जावे आणि लिनक्सच्या ओळीअखेर 'नोमोडसेट' हा एक शब्द रोमन लिपीत जोडावा. २००९ पासून पडद्याचे माप ठरविण्याचे काम गाभ्याने स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. हा शब्द त्याला सांगतो की, तूर्त ते काम करू नकोस, साध्या चित्रावर भागव. चित्र ओबडधोबड येते, पण येते. हा तात्पुरता दिवा आहे; दुरुस्तीपुरता लावायचा आणि मग काढून टाकायचा.

उजेड मिळाला की रोजकीर्द वाचावी. चांगला व्यापारी तोटा आला म्हणून मुनिमावर ओरडत नाही. तो वही उघडतो. लिनक्समध्येही प्रत्येक क्षणाची नोंद ठेवलेली असते. गाभ्याची रोजकीर्द वेगळी, एक्सची वेगळी. एक्सच्या नोंदवहीत चुकीच्या ओळीपुढे कंसात इंग्रजी 'ई' हे अक्षर दोनदा लिहिलेले असते. त्या ओळी शोधल्या म्हणजे बहुधा पुढील चारांपैकी एक कारण हाती लागते.

पहिले कारण, एका मालावर दोन दलाल. नूव्हो आधीपासून कार्ड धरून बसलेला असतो आणि कंपनीचा ड्रायव्हर त्याच कार्डावर हक्क सांगतो. व्यवहार कोणाचाच होत नाही. आपल्या लिनक्स-वितरणाच्या भांडारातून ड्रायव्हर घेतला तर नूव्होला बाजूस सारण्याची तजवीज सहसा आपोआप होते. कंपनीच्या जागेवरून परस्पर उतरवून बसविला तर ती हाताने करावी लागते. नूव्होचे नाव वर्ज्य-यादीत घातले तरी काम संपत नाही. यंत्र उठताना गाभा एक लहान शिदोरी बरोबर घेतो. तिच्यात जुना दलाल बांधलेला असतोच. ती शिदोरी सोडून नव्याने बांधावी लागते. नेमकी ही पायरी विसरली जाते आणि काळा पडदा परत येतो.

दुसरे कारण, धनी बदलला आणि दलाल जुनीच बोली बोलत राहिला. लिनक्सचा गाभा वारंवार सुधारला जातो. बाहेरून आलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या गाभ्यासाठी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. हे काम आपोआप व्हावे म्हणून २००३ च्या सुमारास डेल कंपनीतून डीकेएमएस नावाची सोय निघाली; पण तिला नव्या गाभ्याच्या शीर्षधारिका उपलब्ध असाव्या लागतात. त्या नसल्या तर जुळणी होत नाही आणि कोणी मोठ्याने सांगतही नाही. काल चालणारा संगणक आज सकाळी काळा, याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. उपाय सोपा आहे. ग्रबच्या यादीत मागील गाभा जपून ठेवलेला असतो. तो निवडून आत जावे, शीर्षधारिका बसवाव्यात आणि ड्रायव्हरची जुळणी पुन्हा करावी.

तिसरे कारण, दलालाजवळ परवाना नाही. मोगली सुरतेत बादशाही परवान्यावाचून वखार उघडता येत नसे. २०१२ नंतरच्या बहुतेक संगणकांत अशीच एक चौकी असते, तिला सिक्युअर बूट म्हणतात. विश्वासू मोहर नसलेला ड्रायव्हर ती आत सोडत नाही. ड्रायव्हर बसविताना काही लिनक्स-वितरणे एक परवलीचा शब्द ठरवायला सांगतात आणि पुढल्या वेळी यंत्र उठताना एक निळा पडदा दाखवितात. तेथे नवी मोहर नोंदवून तो शब्द द्यायचा असतो. घाईत मनुष्य तो निळा पडदा तसाच ओलांडतो, आणि ड्रायव्हर चौकीबाहेर ताटकळत राहतो.

चौथे कारण, माप कळले नाही. पडदा आपली मापे तारेतून सांगतो खरा, पण हलकी तार किंवा मध्ये लावलेला जोड तो निरोप गाळून टाकतो. मग चित्र अवाढव्य, धूसर किंवा कडा कापलेले दिसते. ड्रायव्हर काढून पुन्हा बसविण्याआधी दुसरी तार लावून पाहावी; पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. न भागल्यास सेटिंगमध्ये योग्य माप हाताने निवडावे.

यांपैकी काहीच लागू पडेना, तर अक्षरांच्या पडद्यावरून नवा ड्रायव्हर समूळ काढावा आणि खुल्या ड्रायव्हरकडे परतावे. त्यात कमीपणा काही नाही. लेखन, हिशेब, अभ्यास एवढ्यासाठी तो पुरेसा असतो.

परंतु एक कारण असे आहे की ज्यावर कोणतीही आज्ञा चालत नाही. दलालच निवृत्त झालेला असतो. एनव्हीडियाने आपल्या जुन्या कार्डांसाठी राखलेल्या ३४० क्रमांकाच्या ड्रायव्हर-मालिकेचा आधार २०१९ च्या अखेरीस आणि ३९० क्रमांकाच्या मालिकेचा २०२२ च्या अखेरीस थांबविला. त्या दिवशी त्या कार्डांत कसलाही बिघाड झाला नव्हता. सांधे शाबूत होते, पंखे फिरत होते. त्यांची भाषा बोलणारा अधिकृत मध्यस्थ मात्र उरला नाही, आणि नव्या गाभ्यांशी त्यांचे बोलणे हळूहळू तुटत गेले. व्यापाराच्या दृष्टीने कंपनीचे म्हणणे अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. प्रत्येक जुन्या मालाची जबाबदारी कायमची कोण घेणार? पण ज्या घरात पै-पै साठवून तो संगणक आणला गेला, त्या घराला त्याची किंमत मोजावी लागते. बाजारातून निवृत्त झालेल्या कार्डांसाठी आजही दीप लावून बसलेले आहेत ते नूव्होसारखे खुले ड्रायव्हर. त्यांचा वेग कमी असेल. पण ते कोणाच्या मर्जीवर निवृत्त होत नाहीत. ज्याला ज्ञान आहे तो त्यांना पुढे चालवू शकतो.

येथे पुन्हा भीमजी पारेखाकडे वळले पाहिजे. त्याच्याजवळ धन होते, चिकाटी होती, विद्येविषयी आस्था होती. नव्हते ते एवढेच की अक्षर कोरण्याची विद्या त्याच्या गावात कोणाला येत नव्हती, आणि ज्यांना येत होती ते सात समुद्रांपलीकडे होते. ती विद्या या देशात रुजण्यास आणखी शतक लागले. बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली पंचानन कर्मकार या लोहाराने ती आत्मसात केली आणि १७७८ साली हुगळीस बंगाली खिळ्यांनी मजकूर छापला गेला. पंचाननाने ती आपल्याजवळच ठेवली नाही. श्रीरामपुरात त्याने जावई मनोहर याला ती शिकविली, आणि तेथून भारतीय भाषांची पुस्तके निघू लागली. १७९७ च्या सुमारास मुंबईत जीजीभाई छापगर यांनी गुजराती खिळे घडविले. १८१२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत गुजराती छापखाना काढला, आणि १८२२ साली 'मुंबई समाचार' सुरू केला. हे मर्झबान जन्माने सुरतकर. भीमजीच्या शहरात जे अडले होते, ते त्याच शहराच्या पुत्राने दीडशे वर्षांनी मुंबईत तडीस नेले. यंत्र तेच होते. फरक पडला तो मधली विद्या हातोहात फिरू लागली म्हणून.

पडदा काळा पडला की मनुष्य प्रथम यंत्राला दोष देतो, मग नशिबाला, आणि शेवटी आपल्या अज्ञानाला. इतिहास सांगतो की, तिन्ही दोषारोप बहुधा चुकीचे असतात. मधल्या जागेत कोण उभा आहे, त्याला आत येण्याचा परवाना आहे काय, त्याला आजची भाषा येते काय, आणि त्याची विद्या खुली आहे की रुमालाखाली, एवढे चार प्रश्न शांतपणे विचारले तर अंधार सहसा टिकत नाही. नवे कार्ड विकत घेतानाही हेच प्रश्न आधी विचारणे शहाणपणाचे ठरेल. सुरतेच्या जुन्या व्यापाऱ्यांना ते कोणी शिकवावे लागले नव्हते. मालाची पारख करण्यापूर्वी ते दलालाची पारख करीत.